उड्डाण चाचणीतला डेटा: सगळी घड्याळं जुळली, तरी आलेख का जुळत नाहीत?

वातविहार
नमस्कार मंडळी. उड्डाण चाचणीची मोजमाप यंत्रणा बसवणारे आणि त्या डेटाशी झटणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा.

आमच्या चाचणी विमानात डेटा गोळा करणारे वेगवेगळे डबे आहेत. सगळे एकाच इथरनेट जाळ्यावर, आणि सगळ्यांना एकाच जीपीएस-घड्याळावरून पीटीपीने, म्हणजे जाळ्यावरून घड्याळं जुळवण्याच्या आयईईई १५८८ या मानकाने, वेळ मिळते. आपला फरक एका मायक्रोसेकंदाच्या आत असल्याचं प्रत्येक डबा सांगतो.

आता अडचण. पिच रेट, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली फिरण्याचा वेग, आम्ही दोन ठिकाणांहून घेतो. एक आम्ही बसवलेल्या जायरोकडून, दुसरा विमानाच्या जडत्वीय प्रणालीकडून (स्वतःच्या सेन्सरवरून विमानाची हालचाल काढणारी), १५५३ बसवर, म्हणजे विमानातल्या उपकरणांच्या सामायिक डेटा-तारेवर, कान लावून. दोन्हींवरचे वेळशिक्के एकाच घड्याळाचे. तरी बसवरचा पिच रेट साधारण ४० मिलिसेकंद मागे दिसतो. कधी थोडा कमी, कधी थोडा जास्त.

माझं मत असं की "टाइम सिंक झालं" एवढी एक खूण तपासयादीवर केली की आपण निर्धास्त होतो, आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं. तुमचा अनुभव काय? हा उशीर शोधायचा कसा, आणि सापडल्यावर त्याचं करायचं काय?

इरिगप्रेमी
आधी पीटीपीलाच उलटतपासणीला उभं करतो. 🙂

डबा स्वतः सांगतोय की तो एका मायक्रोसेकंदात आहे, ही साक्ष त्याची स्वतःची. पीटीपीत मास्टरकडून (मुख्य घड्याळाकडून) निरोप निघाल्याची वेळ, तो पोचल्याची वेळ, उलट निरोप निघाल्याची आणि पोचल्याची वेळ, अशा चार वेळांवरून फरक काढतात. त्या गणितात जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागतो असं गृहीत असतं. एका दिशेला १० मायक्रोसेकंद जास्त लागले तर घड्याळ ५ मायक्रोसेकंदांनी चुकेल, आणि त्या बिचाऱ्या डब्याला ते कधीच कळणार नाही. स्विच साधा आहे की ट्रान्सपरंट क्लॉकवाला, म्हणजे निरोप आपल्यात किती वेळ थांबला ते सांगणारा? आणि सगळे डबे २००८ च्या आवृत्तीचे ना? २००२ ची आवृत्ती तिच्याशी बोलत नाही.

वातविहार
@इरिगप्रेमी, रास्त शंका. सगळे २००८ वाले, स्विच ट्रान्सपरंट क्लॉकवाला, शिक्के हार्डवेअरमध्ये लागतात. शिवाय प्रत्येक डब्याचा दर सेकंदाला निघणारा पल्स ऑसिलोस्कोपवर एकाखाली एक लावून पाहिला. कडा जुळतात. त्यामुळे घड्याळांवर माझा संशय नाही.

इरिगप्रेमी
मग माझा आरोप मागे. पल्स बाहेर काढून पाहणं हाच खरा पुरावा.

सौदामिनी
वातविहार, घड्याळ बरोबर आहे, पण शिक्का कशावर बसतोय ते बघा.

तुमच्या जायरोच्या बाबतीत एडीसीने (सिग्नलचा आकडा करणाऱ्या चिपने) नमुना घेतला त्या क्षणाचा शिक्का लागतो. बसच्या बाबतीत संदेश बसवर दिसला त्या क्षणाचा. त्या संदेशातला आकडा आधी केव्हातरी मोजलेला असतो. जडत्वीय प्रणालीने जायरो वाचला, गाळणी लावली, अक्ष फिरवले, आकडा आपल्या मेमरीत ठेवला. मग बस कंट्रोलरने, म्हणजे बसवर कुणी केव्हा बोलायचं ते ठरवणाऱ्याने, मागितला की तो बाहेर पडला. तोवर विमान पुढे गेलेलं असतं. वरातीमागून घोडं, आणि आपण घोड्याच्या पोचण्याची वेळ वरातीची म्हणून लिहितो.

बसला दोष देऊ नका. १५५३ वर एक शब्द २० मायक्रोसेकंदांत जातो. एआरिंक ४२९ या विमानातल्या दुसऱ्या प्रकारच्या बसच्या १०० किलोबिटच्या वेगालाही ३२ बिटांचा शब्द ३२० मायक्रोसेकंदांत संपतो. ४० मिलिसेकंद तारेत नाही, पाठवणाऱ्याच्या पोटात गेलेत.

"कधी कमी, कधी जास्त" हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. उशीर ठरावीक वेळाने हळूहळू वाढून एकदम खाली येतो का, करवतीच्या दातांसारखा? तसं असेल तर प्रणालीचं आतलं चक्र आणि बस कंट्रोलरचं चक्र दोन वेगळ्या घड्याळांवर चाललंय.

मृण्मयी_क
वाचतेय. वाचनखूण साठवली.

फडफड
फ्लटरच्या (हवेमुळे पंखाची वाढत जाणारी थरथर) बाजूने लिहितो. आमच्याकडे पंखावरच्या दोन ॲक्सिलरोमीटरमधल्या फेजवरून, म्हणजे एकाची लाट दुसऱ्याच्या किती मागेपुढे आहे त्यावरून, मोड (थरथरण्याचा प्रकार) ओळखतात. ३० हर्ट्झला १ मिलिसेकंद म्हणजे १०.८ अंश. वाकणं आणि पिळवटणं एकमेकांत मिसळू लागतं तेव्हा फेजच तर बघायची असते, तिथे दहा अंश परवडत नाहीत.

आणि हा उशीर बहुतेक वेळा घड्याळातून येतच नाही, अँटी-एलियासिंग गाळणीतून, म्हणजे नमुने घेण्याआधी जलद लहरी काढून टाकणाऱ्या फिल्टरमधून, येतो. सहा पोलची बटरवर्थ गाळणी, कटऑफ (ज्याच्या वरचं अडवायचं ती वारंवारता) १०० हर्ट्झ, तर कमी वारंवारतेला सुमारे ६ मिलिसेकंद उशीर. तीच गाळणी २० हर्ट्झला लावली की सुमारे ३० मिलिसेकंद. म्हणजे एकाच डब्यात, एकाच कार्डावर, शेजारशेजारच्या दोन चॅनेलना वेगळा सॅम्पल रेट दिला आणि सॉफ्टवेअरने कटऑफ आपोआप बदलला, की दोघांमध्ये २४ मिलिसेकंदांची तफावत पडते. वेळशिक्के मात्र नॅनोसेकंदापर्यंत बरोबर!

डिजिटल एफआयआर गाळणीचं गणित सोपं: १०१ टॅप (गुणांक), सेकंदाला १००० नमुने, तर उशीर ५० नमुन्यांचा, म्हणजे ५० मिलिसेकंद. तो सगळ्या वारंवारतांना सारखा असतो, एवढं तिचं उपकारी वागणं. काही डबे हा उशीर शिक्क्यातून आधीच वजा करतात, काही करत नाहीत. माहितीपुस्तिकेत हे एखाद्या तळटीपेत असतं. नसेल तर उत्पादकाला लेखी विचारा.

फ्लटरसाठी आमचा नियम: ज्यांची फेज जोडीने बघायची ते सगळे चॅनेल एकाच रेटवर, एकाच गाळणीवर. गरज नसली तरी.

नवखा_अभियंता
मूलभूत प्रश्न आहे, सांभाळून घ्या. उशीर दिसतोच आहे, तर आलेख ४० मिलिसेकंद डावीकडे सरकवून मोकळं का होऊ नये?

सौदामिनी
प्रश्न मूलभूत आहे म्हणूनच चांगला आहे.

पहिलं कारण, उशीर स्थिर असेल तरच सरकवणं चालतं. बटरवर्थचा उशीर कटऑफजवळ वाढतो, म्हणजे संथ हालचालीला वेगळा आणि जलद हालचालीला वेगळा. करवतीसारखा असेल तर प्रत्येक नमुन्याला वेगळा.

दुसरं, दोन घड्याळं स्वतंत्र चालत असतील तर सुरुवातीला जुळवलेलं शेवटी जुळत नाही. साध्या क्रिस्टलमध्ये २० पीपीएमचा (दहा लाखांत वीस भागांचा) फरक सहज असतो, म्हणजे तासाला ७२ मिलिसेकंद. म्हणून जुळवणी एका खुणेवर करायची नाही. उड्डाणाच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक घ्यायची, म्हणजे फरकही कळतो आणि घसरणही.

तिसरं कारण सगळ्यात गंभीर आहे, त्याबद्दल फडफड किंवा जुना_सवार यांनी लिहावं.

जुना_सवार
सौदामिनीताईंनी चेंडू माझ्याकडे टोलवलाय, घेतो.

जी गोष्ट मोजायची आहे तिच्याच आधाराने आलेख जुळवू नयेत. वैमानिकाने स्टिक ओढल्यापासून विमानाने प्रतिसाद देईपर्यंतचा उशीर हा उड्डाणगुणांचा कळीचा आकडा असतो. एमआयएल-एफ-८७८५सी या अमेरिकी लष्करी मानकात त्याच्या मर्यादा आहेत: लेव्हल १ (सर्वांत चांगली) साठी ०.१० सेकंद, लेव्हल २ साठी ०.२०, लेव्हल ३ साठी ०.२५. समजा स्टिकची नोंद एका डब्यात, पिच रेट दुसरीकडून, आणि दोघांत ५० मिलिसेकंदांची अज्ञात तफावत. लेव्हल १ ची अर्धी मर्यादा मोजमापातच गेली. आता कुणी हुशारीने दोन्ही आलेख "नीट दिसावेत" म्हणून सरकवले, तर विमानाचा खरा उशीरही त्यात पुसला गेला. चांगलं विमान वाईट ठरेल किंवा वाईट विमान चांगलं. दुसरी शक्यता मला जास्त घाबरवते, कारण त्या विमानात उद्या माणूस बसणार आहे.

वायुगतिकीय गुणांक काढणाऱ्यांनाही हाच त्रास. आल्फा व्हेन (हवा कोणत्या कोनात येते ते मोजणारं पातं) आणि पिच रेट यांच्यात वेळेची तफावत राहिली की अंदाजपद्धतीला ती डॅम्पिंगसारखी, म्हणजे हालचाल शमवणाऱ्या परिणामासारखी, दिसते. आकडे छान बसतात, आणि चुकीचे असतात.

सरकवायचं तर स्वतंत्र मोजलेल्या उशिराच्या बळावर सरकवा.

फडफड
जुना_सवार काकांच्या शेवटच्या वाक्याला +१.

इरिगप्रेमी
माझ्या आवडत्या विषयाकडे येतो, कारण इथे सगळे मिलिसेकंदांत अडकलेत आणि मी पूर्ण सेकंदांनी चुकलेला डेटा पाहिलेला आहे.

जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८० पासून सुरू होते आणि तिच्यात लीप सेकंद (यूटीसी या नागरी जागतिक वेळेत अधूनमधून वाढवलेले सेकंद) धरत नाहीत. २०१७ च्या सुरुवातीपासून ती यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. पीटीपी टीएआयवर (अणुघड्याळांच्या आंतरराष्ट्रीय वेळेवर) चालतं, ते यूटीसीच्या ३७ सेकंद पुढे. म्हणजे एका डब्याने जीपीएसची वेळ तशीच घेतली, दुसऱ्याने पीटीपीची तशीच घेतली आणि तिसऱ्याने यूटीसी, तर तिघेही आपापल्या परीने बरोबर आणि एकमेकांपासून १८, १९ आणि ३७ सेकंद लांब.

विमानाच्या आवाजाच्या चाचणीत याचा फार गोंधळ होतो. तिथे दर अर्ध्या सेकंदाला ध्वनीचा वर्णपट (स्पेक्ट्रम) काढून त्या क्षणी विमान कुठे होतं याच्याशी जोडायचा असतो. जमिनीवरचा मायक्रोफोन यूटीसीवर, विमान जीपीएस वेळेवर, की आवाज आधी ऐकू येतो आणि विमान १८ सेकंदांनी डोक्यावरून जातं. 🙂 सुदैवाने एवढी मोठी चूक लपत नाही.

नवखा_अभियंता
म्हणजे मोठी चूक बरी आणि छोटी वाईट?

इरिगप्रेमी
छोटी वाईट खरीच. १८ सेकंद कुणालाही दिसतात. १८ मिलिसेकंद अहवालात जाऊन बसतात.

जुना_सवार
इरिगप्रेमींचं नाव निघालंच आहे तर इरिगकडे, म्हणजे चाचणी-तळांवरच्या वेळ पाठवण्याच्या संकेतप्रणालीकडे, थोडं मागे जाऊ.

ही संकेतप्रणाली १९६० मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. इरिग-बी सेकंदाला १०० पल्स पाठवते, एका सेकंदात एक पूर्ण चौकट: सेकंद, मिनिट, तास आणि वर्षातला कितवा दिवस. मुळात वर्ष नव्हतंच, ते नंतरच्या प्रकारांत आलं. टेपवर घालायची तर १ किलोहर्ट्झच्या लाटेवर स्वार करायची. ती लाट वाचून दहा मायक्रोसेकंदांच्या घरात अचूकता मिळते. सरळ डीसी पातळीची वापरली तर मायक्रोसेकंद किंवा त्याहून बरी. बहुतेक उड्डाण चाचण्यांना एवढं आजही पुरेसं आहे.

आणि इथे माझा धाग्यातल्या एकूण सुराशी थोडा मतभेद. निरपेक्ष वेळेचा एवढा आग्रह नको. इरिग १०६ या चाचणी-मोजमापाच्या मानकाच्या दहाव्या प्रकरणात रेकॉर्डरची जी रचना आहे ती मला फार शहाणपणाची वाटते. तिथे प्रत्येक पॅकेटवर १० मेगाहर्ट्झच्या ४८ बिटी मोकाट काउंटरचा आकडा असतो, म्हणजे १०० नॅनोसेकंदांची बारकाई. त्याला कुणी पुढेमागे करत नाही. खरी वेळ वेगळ्या पॅकेटमधून येते आणि "काउंटर इतका असताना बाहेर इतके वाजले होते" एवढंच नोंदवते. जीपीएस भरकटला, इरिगची तार सुटली, तरी चॅनेलांचं आपसातलं नातं शाबूत राहतं. ४८ बिट संपायला सव्वातीनशे दिवस लागतात, त्यामुळे एका उड्डाणात तो उलटण्याची चिंता नाही.

कंपनलहरी
काकांच्या मुद्द्याला पूरक. उलट्या उड्डाणात जीपीएसचं काय होतं ते पाहा. अँटेना विमानाच्या पाठीवर, विमान उताणं, उपग्रह गेले. मग घड्याळ आपल्या क्रिस्टलवर चालतं. १ पीपीएमची घसरण असेल तर पाच मिनिटांत ३०० मायक्रोसेकंद. तेही क्रिस्टल शांत असेल तर. तापमान बदलतं, आणि त्वरणानेही वारंवारता सरकते, साधारण एका जीला अब्जावा भाग. हा आकडा किरकोळ आहे. तापमानाचा नसतो, म्हणून ओव्हनमधला क्रिस्टल.

खरा धोका उपग्रह परत आल्यावर. घड्याळ एकदम उडी मारून बरोबर झालं तर नोंदीत एक फट पडते, किंवा तीच वेळ दोनदा येते. हळूहळू ओढून आणलं तर फट नाही, पण तेवढा काळ सेकंदच आखूड किंवा लांब असतो, आणि त्या काळात काढलेली वारंवारता किंचित चुकते. मी हळू ओढण्याच्या बाजूने आहे, फक्त ओढण्याचा वेग नोंदला गेला पाहिजे.

जुना_सवार
कंपनलहरी, मी उडीच्या बाजूने. उडी दिसते, सापडते, दुरुस्त होते. ओढणी दिसत नाही.

कंपनलहरी
काउंटर मोकाट ठेवलेला असेल तर उडी मान्य. नसेल तर नाही. विश्लेषणाची अर्धी सॉफ्टवेअरं वेळ मागे गेली की बंदच पडतात.

शोधयात्री
थोडं अवांतर, पण वेळेशीच निगडित. २५ फेब्रुवारी १९९१ ला धहरानमध्ये पॅट्रियट यंत्रणेने येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवलं नाही आणि २८ सैनिक गेले. यंत्रणा १०० तास सलग चालू होती. वेळ दशांश सेकंदांत मोजली जायची आणि ०.१ हा आकडा २४ बिटांत छाटलेला होता. १०० तासांनी घड्याळ ०.३४ सेकंदांनी चुकलं होतं. एवढ्यात स्कड अर्धा किलोमीटर पुढे जातं.

सौदामिनी
अवांतर नाहीच हे. त्या प्रकरणातला एक बारकावा आपल्या धाग्याच्या गाभ्याशी जातो. वेळ बदलण्याची सुधारलेली पद्धत त्या सॉफ्टवेअरमध्ये काही ठिकाणी घातली होती, सगळीकडे नाही. दोन्हीकडे सारखीच चूक असती तर वजाबाकीत ती बरीचशी कटली असती. एक वेळ सुधारलेली आणि एक न सुधारलेली, त्यामुळे फरक उघडा पडला.

आपल्याकडेही हेच होतं. एक विश्लेषक आपल्या चॅनेलचा गाळणीचा उशीर काढून टाकतो, दुसरा तसाच ठेवतो, आणि दोघांची फाइल तिसऱ्याकडे जाते.

नवखा_अभियंता
हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे एकजण नोंदी पुढून-मागून अशा दोनदा गाळतो, म्हणजे फेज सरकत नाही. दुसरा एकदाच गाळतो. विचारतो उद्याच.

फडफड
जरूर विचारा. आणि लक्षात घ्या, पुढून-मागून गाळल्याने तुमच्या संगणकावरच्या गाळणीचा उशीर जातो. विमानातल्या गाळणीने केलेला तसाच राहतो.

पवनवेग
मी हवेच्या दाबाच्या मोजमापातला. कुणी आमचा उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. आमचा उशीर इलेक्ट्रॉनिक्सच्याही आधी सुरू होतो. पिटो आणि स्टॅटिक नळीतून दाब ट्रान्सड्यूसरपर्यंत (दाब मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत) पोचायला वेळ लागतो. तो नळीच्या लांबीवर आणि व्यासावर अवलंबून असतो, व्यासावर तर चौथ्या घाताने. शिवाय हवेच्या दाबाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे तीच नळी उंचीवर जास्त उशीर लावते. जमिनीवर मोजलेला उशीर वर लागू होत नाही. जोरात चढताना किंवा सूर मारताना उंचीचा आकडा मागे राहतो तो यामुळे. याला जगातलं कुठलंही पीटीपी पुरं पडणार नाही.

सौदामिनी
पवनवेग, फार मोलाची भर.

वातविहार
सगळ्यांचे आभार. सौदामिनी आणि जुना_सवार यांनी सांगितलेलं करून पाहिलं, ते कळवतो.

वैमानिकाने केलेल्या फ्रीक्वेन्सी स्वीपचा (स्टिक आधी संथ, मग अधिकाधिक जलद हलवण्याचा) डेटा हाताशी होता. दोन्ही पिच रेटमधली फेज वारंवारतेसमोर काढली. सरळ रेषा आली, म्हणजे बहुतांश शुद्ध उशीर. उतारावरून सरासरी ४० मिलिसेकंदच निघाली. मग छोटे तुकडे करून प्रत्येकाचा उशीर वेगळा काढला. ३० पासून हळूहळू ५० पर्यंत चढतो आणि झटकन परत ३० वर. करवतच! प्रणाली ५० हर्ट्झवर आकडा ताजा करते, बस कंट्रोलर ५० हर्ट्झवर मागतो, दोघांची घड्याळं वेगळी. २० मिलिसेकंदांचा दात तिथून येतो, आणि उरलेले ३० प्रणालीच्या आतल्या गाळणीचे आणि गणिताचे.

दुसरं, त्याच संदेशात प्रणाली स्वतःचा एक वेळ-शब्दही पाठवते, मोजमाप कोणत्या क्षणाचं आहे ते सांगणारा. तो आम्ही नोंदवत होतो, वापरत नव्हतो. तो वापरल्यावर करवत नाहीशी झाली. उरला तो स्थिर उशीर.

इरिगप्रेमी
हे उत्तम झालं. वेळ-शब्द प्रणालीच्या घड्याळाचा असणार, तुमच्या पीटीपीचा नाही. त्या दोघांचं नातं कसं जोडलंत?

वातविहार
प्रणाली जीपीएसचा सेकंदाचा पल्स बाहेर देते. तो एका मोकळ्या चॅनेलवर टिपतो. तीच गाठ.

नवखा_अभियंता
आता हा स्थिर ३० मिलिसेकंदांचा उशीर मूळ फाइलमध्येच दुरुस्त करणार का?

जुना_सवार
नाही! मूळ नोंदीला हात लावायचा नाही. शिक्के जसे लागले तसेच ठेवायचे. प्रत्येक चॅनेलचा उशीर वेगळ्या तक्त्यात लिहायचा: किती, कुणामुळे, कसा मोजला, कोणत्या वारंवारतेपर्यंत खरा. पवनवेग यांच्या नळ्यांसाठी त्यात उंचीचा रकानाही लागेल. विश्लेषकाने तक्ता लावून काम करायचं आणि कोणता तक्ता लावला ते अहवालात लिहायचं.

फडफड
त्या तक्त्यात जडत्वीय प्रणालीच्या सॉफ्टवेअरची आवृत्तीही हवी. आतली गाळणी बदलली की तुमचे ३० मिलिसेकंद बदलणार, आणि मोजमाप गटाला ते कुणी कळवेलच असं नाही.

वातविहार
मान्य. आवृत्तीचा रकाना घालतो, आणि सॉफ्टवेअर बदललं की पहिल्याच उड्डाणात स्वीप पुन्हा करायचा हे चाचणी कार्डावर टाकतो.

आता कॉकपिटमधला व्हिडिओ राहिला. कॅमेऱ्याची चौकट उघडल्याची वेळ कशी धरता, सुरुवातीची, मध्याची की शेवटची?

कंपनलहरी
उघडझापीच्या मध्याची. चौकटीच्या कोपऱ्यात एक एलईडी लावा, तो पेटवणारा व्होल्टेज एका चॅनेलवर नोंदवा आणि वेगवेगळ्या लांबीचे झोत द्या. एन्कोडरने शिक्का कुठे मारलाय ते चार-दोन मिनिटांच्या चित्रणात कळतं. साध्या कॉकपिट कॅमेऱ्याला तेवढं पुरतं. पंखाखालून भार सोडतानाचं चित्रण असेल तर मात्र प्रत्येक चौकट बाहेरच्या पल्सवर उघडणारा कॅमेराच घ्या.